भाबा पास, पंधरा दिवस, पाठीवर बॅग : घोंगडी न्यावी का?

माणदेशी_मास्तर (सातारा)

नमस्कार मंडळी. गाव दहिवडीकडचं, नोकरी साताऱ्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत. वय ४३. वासोटा, मधुमकरंदगड, महिमंडणगड, चकदेव-पर्वत हे सगळं झालंय, पण एका-दोन मुक्कामांचं. एकदा तरी लांबचं, सलग चालायचं असं फार वर्षं मनात आहे.

यंदा तिघांनी ठरवलंय. हिमाचलात किन्नौरमधल्या काफनूपासून निघायचं, भाबा पास ही खिंड ओलांडून स्पितीत मुधला उतरायचं, आणि पुढं स्पितीतली गावं पायी करत काझा गाठायचं. एकूण पंधरा दिवस. निघायचं मेच्या दुसऱ्या आठवड्यात, कारण मला सुट्टी तेव्हाच. तिघांत मी, गावाकडं दूध संकलन केंद्र चालवणारा मित्र आणि एसटीत कंडक्टर असलेला माझा मेहुणा. पॅकेज घ्यायचं नाही. एका ठिकाणी माणशी आकडा विचारला तर मेहुणा म्हणाला, तिघांच्या पैशात म्हैस येईल.

काल सगळं सामान भरून बॅग संकलन केंद्रातल्या काट्यावर ठेवली. २१ किलो ४०० ग्रॅम. पंधरा दिवसांचा शिधा धरून बरं का. मेहुणा बघून म्हणाला, हिला हाफ तिकीट काढावं लागेल. एवढं वजन घेऊन माणूस चालतो का? काय कमी करावं?

दुसरं म्हणजे आजोबांची काळी घोंगडी. आमचं घर मेंढपाळाचं. ही घोंगडी त्यांच्याबरोबर दरवर्षी कोकणात उतरायची आणि पावसाळ्याआधी घाटावर यायची. ती न्यायची फार इच्छा आहे. स्लीपिंग बॅगेऐवजी चालेल का?

स्टोव्ह इथून न्यावा की तिकडं मिळतो? आणि घरच्या मंडळींचा एकच प्रश्न आहे, फोन लागणार का?

भडंगप्रेमी (सांगली)

मास्तर, २१ किलोत भडंग धरलंय का? नसेल तर ट्रिप रद्द करा.

मस्करी सोडा. भडंग आम्ही नेलं होतं. वजन काही नाही पण अर्धी बॅग खातं, आणि वर हवा विरळ झाली की पाकिटं अशी टम्म फुगतात की रात्री तंबूत एक फुटलं तेव्हा तिघंही उठून बसलो.

स्टोव्ह इथून न्या, गॅस नको. गॅसचे डबे रेल्वेतही चालत नाहीत आणि विमानातही. रॉकेल-पेट्रोललाही बंदी आहे. गोवा एक्सप्रेसनं निजामुद्दीन, तिथून शिमला, शिमल्याहून रिकाँग पिओच्या रस्त्यावर वांगटूला उतरून वर काफनू. डबे दिल्लीत किंवा शिमल्यात घ्यायचे, आणि दुकानात आधी फोन करून ठेवायचे. गेल्यावर "कल आयेगा" ऐकायची वेळ आणू नका.

सराव म्हणाल तर बॅगेत १२ लिटर पाण्याच्या बाटल्या टाकून रोज अजिंक्यतारा चढा. वर गेलं की पाणी ओतून द्या आणि रिकामं उतरा. गुडघे वाचतात.

वाईची_आत्या

मास्तर, तुमच्या प्रश्नांत सर्वांत मोठी अडचण तुम्ही जाता जाता लिहिलीत. मे.

मेमध्ये भाबा नाही. पास साधारण ४,९०० मीटरवर आहे आणि मेमध्ये वरचा सगळा भाग बर्फाखाली असतो. वाटा जूनच्या मध्यानंतर मोकळ्या व्हायला लागतात. आम्ही गेलो ते जूनच्या शेवटी, मी, माझा भाऊ आणि त्याची मुलगी. तेव्हासुद्धा पासच्या खाली दीड तास बर्फातून चाललो. तुम्हाला शाळा जूनच्या मध्याला लागते, हे कळतंय. पण डोंगर आपलं वेळापत्रक बघत नाही. रजा मिळत असेल तर जूनअखेर जा, नाहीतर मेमध्ये दुसरीकडे जा. मधलं काही करू नका.

आता वजन. मी बँकेत होते, आकड्यांची सवय आहे, तरी पहिल्यांदा मीही तुमच्यासारखीच भरली होती. पंधरा दिवस चालायचं म्हणून पंधरा दिवसांचा शिधा घ्यायचा नसतो. दोन गावांत जेवढे दिवस आहेत तेवढ्यांचा घ्यायचा. काफनू ते मुध चालायला पाच-सहा दिवस, एक दिवस जास्तीचा. मुधला घरगुती मुक्काम आणि जेवण मिळतं. तिथून पुढं धनकर, ल्हालुंग, देमुल, कोमिक, लांगझा असं गावोगाव चालायचं, रात्री कुणाच्या तरी घरी. तिथं तंबू लागत नाही, स्टोव्ह लागत नाही. माणशी दिवसाला सहाशे-सातशे ग्रॅम कोरडा शिधा धरला तर सात दिवसांचा पाच किलोच्या आत बसतो. तुमच्या २१ किलोतले पाच-सहा किलो इथंच गेले.

डाळीचं सांगते. मी दीड किलो तूरडाळ नेली होती, वरणभाताशिवाय भावाचं चालत नाही म्हणून. कारा या मुक्कामावर, म्हणजे साडेतीन हजार मीटरवर, पातेलं चढवलं. पाणी खळखळ उकळतंय आणि डाळ तशीच. तिथं पाणी ८८ अंशांनाच उकळतं, कितीही गॅस जाळा, त्याच्या वर तापत नाही. दीड तासानं एक दाणा दातात धरला तर कट् वाजला. गॅसचा एक डबा त्यात संपला. आम्ही तिघं त्या पातेल्याकडे बघत बसलो होतो आणि पलीकडच्या मेंढपाळाच्या तंबूतून शिट्टी ऐकू आली. प्रेशर कुकरची. रोज डेरा हलवणारा माणूस कुकर सोडत नाही, आणि आम्ही शहाण्यांनी ॲल्युमिनियमचं हलकं पातेलं नेलेलं! त्यानं हसत आमची डाळ त्याच्या कुकरमध्ये घातली. बदल्यात साताऱ्याचे कंदी पेढे दिले. थंडीनं दगड झाले होते, त्यानं ते चहात बुडवून खाल्ले.

म्हणून डाळ न्यायचीच असेल तर मूग किंवा मसूर, घरून भाजून भरडून. आमच्याकडे चाललं ते हे : सातूचं पीठ गुळाबरोबर, मेतकूट-भात, शेंगदाण्याची चटणी, आणि कडक भाकरी. ती तुम्हाला सांगायला नको. दह्याची पावडर नेली होती, ती कुणीही खाल्ली नाही.

ओढे. हे नीट वाचा. पासच्या दोन्ही अंगांना बर्फाचं पाणी वाहणारे ओढे ओलांडावे लागतात. सकाळी सहाला पोटरीभर असलेलं पाणी दुपारी मांडीला लागतं, कारण दिवसभर वर बर्फ वितळतो. कोयनेतून पाणी सोडल्यासारखं, पण रोज आणि भोंगा न वाजवता. आम्ही एका ओढ्याशी दुपारी अडीचला पोचलो. भाऊ म्हणाला जाऊ. मी म्हटलं, नाही. तिथंच तंबू टाकला, त्याचा फुगलेला चेहरा रात्रभर सहन केला, आणि पहाटे चपला घालून पाच मिनिटांत पलीकडे गेलो. एकट्यानं वाट शोधू नका. काफनूतला माणूस वाटाड्या म्हणून घ्या आणि परवानगीचं वनखात्याला आधी विचारा. एक बाजू रुपी-भाबा अभयारण्याची आहे, दुसरी पिन व्हॅली राष्ट्रीय उद्यानाची.

पाणी वर ओतून रिकामं उतरायचा सल्ला सांगलीकरांनी दिला, तो मला पटत नाही. चढताना दम लागतो, तो चार दिवसांत जुळतो. गुडघे जातात ते उतरताना, आणि मुधकडची उतरण लांब आहे. ओझं घेऊनच उतरायचा सराव करा. कमी घ्या, पण घेऊन उतरा. सज्जनगडाच्या पायऱ्या त्यासाठी उत्तम.

तुम्ही माणदेशातले म्हणून एक मुद्दाम सांगते. महाबळेश्वरला वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तुमच्या दहिवडीला पाचशेच्या आसपास, एकाच जिल्ह्यात. भाबा पासवर उभं राहिलं की तसंच दिसतं. मागं हिरवं गवत, फुलं, ओढे. पुढं उघडे तपकिरी डोंगर, झाड नाही. ढग मागच्या अंगालाच अडतात. भाची म्हणाली, आत्या, मागं पाचगणी आणि पुढं म्हसवड. फक्त हे सगळं एका दिवसात पायाखालून जातं.

कराडचा_वैद्य

डॉक्टर आहे म्हणून तेवढंच. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे तिघांनाही खऱ्या उंचीचा अनुभव शून्य. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. डोकेदुखी, मळमळ, भूक जाणं हे उंचीचंच समजा, पित्त समजून गोळी घेऊन वर चढू नका. तोल जाणं, असंबद्ध बोलणं, बसल्या जागी धाप लागणं म्हणजे त्याच क्षणी खाली, रात्र असली तरी. ॲसिटाझोलामाइड, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, स्वतःच्या मनानं सुरू करू नका. सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. कंडक्टर साहेबांचं बीपी तपासून घ्या, उभ्यानं नोकरी करणारे तपासत नाहीत.

माणदेशी_मास्तर (सातारा)

सगळ्यांचे आभार. आत्या, तुमचा प्रतिसाद तिघांनी मिळून दोनदा वाचला. डाळीच्या भागावर मित्र म्हणाला, संकलन केंद्रात दूध उतू जातं ते बरं म्हणायचं.

मुख्याध्यापकांना जूनअखेरच्या रजेचं विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि पाठ्यपुस्तकांचा विषय काढला. म्हणजे उत्तर मिळालं. सप्टेंबरमध्येही तेच होणार, आणि दिवाळीच्या सुट्टीत वर थंडी सुरू झालेली असणार. मग मेमध्ये "दुसरीकडे" म्हणजे कुठे, ते सांगा. आणि बीपी तपासलं. मेहुण्याचं चांगलं आहे, माझं १४६/९४ निघालं. कोरेगावच्या डॉक्टरांकडे पुन्हा जायचंय.

आणि घोंगडीचं कुणी काहीच बोललं नाही.

वाईची_आत्या

घोंगडीचं मी मुद्दाम टाळलं होतं. भाबाला नको. लोकर ओली झाली तरी ऊब देते हे खरं, पण ओली घोंगडी उचलून बघा. वर रात्री शून्याखाली जातं, तिथं चांगली स्लीपिंग बॅगच हवी.

मेमध्ये हिमाचलातल्याच तीर्थन खोऱ्यात जा. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क, २०१४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, आपल्या कासच्या दोन वर्षांनंतर आलं. गुशैनीपासून आत चालायचं, परवाना साईरोपाच्या कार्यालयात. नदीकाठानं देवदार-ओकचं जंगल, रोल्लाचा मुक्काम दोन हजार मीटरच्या थोडा वर, पुढं शिल्टला तीन हजारांच्या आसपास. बुरांश, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, अजून फुललेला सापडेल. बाहेर येऊन जलोडी जोत या खिंडीवरून सरोलसर तळ्याला चाला. मधूनमधून गावात येता येतं, त्यामुळं बॅग दहा किलोच्या आत राहते. पंधरा दिवस सहज जातात. उंचीची सवयही यंदाच लागेल, आणि भाबा कुठं पळून जात नाही.

फोन : भाबाला काफनू सोडलं की मुध येईपर्यंत विसरायचा. तीर्थनमध्येही जंगलात शिरलं की तेच. परदेशी व्हिडिओत दिसतं ते उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र मागवू नका, परवान्याशिवाय ते भारतात बेकायदा आहे. मंडळींना परतायची तारीख लिहून द्या आणि तिच्यात दोन दिवस जास्तीचे धरा. आमच्या घरी मी एकच दिवस धरला होता, तर भावजयीनं शिमल्याच्या पोलिसांना फोन लावला होता.

भडंगप्रेमी (सांगली)

आत्या, उतरणीचं मान्य. मी मुधकडच्या उतरणीलाच गुडघा धरून बसलो होतो, इथं लिहायला लाज वाटली.

माणदेशी_मास्तर (सातारा)

ठरलं, तीर्थन. बॅग पुन्हा भरली, पुन्हा काट्यावर : ९ किलो ८००, पाणी सोडून. कुकर दोन लिटरचा, तो मेहुण्याच्या वाट्याला. घोंगडीही काट्यावर ठेवली. दोन किलो नऊशे. मित्र म्हणाला, फॅट लागली तर भाव देतो.

आईला सांगितलं नेत नाही म्हणून. ती काही बोलली नाही, घडी घालून ट्रंकेत ठेवली. मग म्हणाली, आजोबांची काठी तरी ने, ओढ्यात लागंल. कानाच्या वर येते, बांबूची, खाली लोखंडी टोक. रेल्वेत नेऊ देतात का, कुणाला माहीत आहे?

गोवा एक्सप्रेसची तीन तिकिटं काढली. वेटिंग १४, १५, १६. मेहुणा सकाळपासून म्हणतोय, आमच्या एसटीत वेटिंग नसतं, या, उभं राहा.