सुट्टीवरच्या मेजरचे अनुभव सांगा

आमच्या साताऱ्यात शिपाई असो नाहीतर सुभेदार, फौजेतला प्रत्येक जण ‘मेजर’. अपशिंगे मिलिटरी गावचा स्मृतिस्तंभ सगळ्यांना माहीत आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. मला युद्धाबाहेरचं ऐकायचंय. मेजरनं परक्याचा जीव वाचवलेला कुणी पाहिलाय? ऐकीव नको.

माझ्यापासून सुरुवात. खंबाटकी घाटात आमच्या एसटीपुढं मोटारसायकल घसरली. पोराच्या मांडीतून रक्ताची धार. सगळे मोबाईल काढून उभे (मीही). मागच्या सीटवरचा एक जण उतरला, खांद्यावरचा टॉवेल जखमेच्या वर आवळला, ड्रायव्हरकडचा पाना त्यात घालून पिळला. पोरगं गुरासारखं ओरडलं, पण धार थांबली. मग म्हणाला, “किती वाजले?” मला वाटलं, याला घरी जायची घाई! त्यानं कंडक्टरचा पेन घेऊन पोराच्या कपाळावर ४.१० लिहिलं. डॉक्टरला कळायला हवं, रक्त कधीपासून अडवलंय. ॲम्ब्युलन्स गेल्यावर बाटलीच्या पाण्यानं हात धुतले आणि सुरूर येईपर्यंत गडी घोरतसुद्धा होता.

सांगलीहून:
ड्युटीवरचा चालेल का? २०१९ चा पूर. आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांवर धोका, तेव्हा पाणी ५७ च्या वर. आमची आजी शेळीशिवाय बोटीत बसेना. जवान परप्रांतातला, तिचं मराठी त्याला कळेना, त्याचं हिंदी तिला. शेवटी त्यानं शेळी आधी उचलली, आजी आपोआप आली. स्वतःचं लाइफ जॅकेट तिला घातलं. ते चूकच होतं असं मला अजून वाटतं.

कराडहून:
प्रीतिसंगमावर पोरगं बुडत होतं. शेजारचे मेजर काठावरच. उडी नाही. कुणाची तरी ट्यूब हिसकली, दोर बांधून फेकली आणि “ट्यूब धर!” म्हणून असे गरजले की पोरानं धरलीच. गर्दीतला एक जण म्हणाला, “फौजी असून घाबरला.” बुडणारा गळ्याला मिठी मारतो, हे त्याला कोण सांगणार?

वाईहून:
ड्युटीबाहेर असं काही केलं तर फौजीलाही जीवन रक्षा पदक मिळू शकतं. सर्वोत्तम, उत्तम आणि नुसतं, असे तीन दर्जे. कराडकर, नाव पाठवा की त्यांचं.

कराडहून:
विचारलं. म्हणाले, “आधी त्या माणसाची ट्यूब भरून द्या. दगडावर फाटली.”