एटापल्लीला चार महिने फील्डवर : कधी आणि कसं जायचं, काय न्यायचं?

मुलुंडची_माती
नमस्कार मंडळी. भूशास्त्रात एमएस्सी झालंय, पहिलीच नोकरी. गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात लोहखनिजाचं शोधकाम आहे, तिथे ड्रिलिंगचा कोअर, म्हणजे जमिनीतून काढलेला खडकाचा दंडगोल, तपासून नोंदवायचा (लॉग करायचा). साहेब म्हणतात १५ जुलैला हजर व्हा. माझं आजवरचं फील्ड म्हणजे अंधेरीचा गिल्बर्ट हिल! आई म्हणते, "महाराष्ट्रातच आहे ना, मग काय!" अनुभवी लोकांनी सांगा.

काळा_कातळ
आहे महाराष्ट्रातच, पण पलीकडे लगेच छत्तीसगड.

जुलैत जाऊच नकोस. मुंबईत पावसाने लोकल थांबते आणि संध्याकाळी सुरू होते. तिकडे नदी थांबवते. गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की वैनगंगा फुगते, आणि पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागड तुटल्याच्या बातम्या तू वाचल्या असशीलच. रिगची, म्हणजे ड्रिलिंग यंत्राची, गाडी चिखलात रुतली की तू तंबूत बसून पगार घेणार. काम खरं चालतं ते नोव्हेंबर ते मार्च. एप्रिलला मोहफुलं, मेमध्ये तेंदूपान, तेव्हा रोजावर माणसं मिळत नाहीत. त्यात ऊन पंचेचाळिशीच्या घरात.

जायला रेल्वेने नागपूर, पुढे बल्लारशा. तिथे रेल्वेचा आणि आपला संबंध संपतो. मग आष्टी, आलापल्ली, एटापल्ली. दुपारनंतर आलापल्लीहून पुढे निघू नकोस, मुक्काम कर. जंगलात फिरायला वन खात्याची परवानगी लागते, आणि पोलीस ठाण्यात नोंद केल्याशिवाय कुठेही जायचं नाही. अनेक वर्षं माओवादी भाग राहिलाय, म्हणून बाहेरच्यांकडे लक्ष असतंच.

डोंगर बीएचक्यूचे, म्हणजे हेमॅटाइट आणि क्वार्ट्‌झाइटचे पट्टे. उतारावर सुट्या खनिजाचे गोटे पसरलेले, पाय ठरत नाही. घोटा झाकणारे बूट घे. मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकीय लोहखनिज, असला की होकायंत्राची सुई भरकटते. जीपीएसवर विसंब.

आणि तिथल्या सूरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेव, आदिवासींचा देव, आहे. हातोडा चालवण्याआधी गावात विचारायचं. भेटल्यावर "जोहार" म्हण, माडिया (तिथला आदिवासी) माणूस हसतो.

दवाखान्यातली_ताई
मलेरियाचं कोणीच कसं बोलत नाही? गडचिरोलीत फॅल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा धोकादायक प्रकार, भरपूर, तो मेंदूत जाऊ शकतो. औषध लावलेली मच्छरदाणी रोज, पूर्ण बाह्यांचे कपडे. निघण्याआधी प्रतिबंधक गोळ्यांसाठी डॉक्टरांना भेट. मुंबईत परतल्यावर ताप आला तर पहिल्या वाक्यात "गडचिरोलीहून आले" सांग, नाहीतर व्हायरल म्हणून पॅरासिटामॉल घेऊन घरी येशील.

ठाणेकर७४
थंडीत रात्री स्वेटर लागतो बरं. मुंबईकर नेहमी विसरतात.

मुलुंडची_माती
सगळ्यांचे आभार. पुराचं सांगितल्यावर साहेब नोव्हेंबरला तयार झाले, तोवर ऑफिसात जुने लॉग भरायचे. आईने मच्छरदाणी आताच आणलीय, डबल बेडची. कॅम्पातली खाट किती रुंद असते?

काळा_कातळ
तीन फूट. उरलेली गादीखाली खोच.