निरोगी बाळाची सुंता, आणि बिल विम्याला?

एडिसनकर

नुकताच इथं अमेरिकेत मुलगा झाला. आई-बाळ दोघंही सुखरूप. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स फॉर्म घेऊन आली आणि म्हणाली, "सर्कमसिजन आज उरकायची की उद्या घरी सोडायच्या आधी?" करायची का, हे कुणी विचारतच नाही. बायको नको म्हणाली, तर लगेच उत्तर, "इन्शुरन्स देतो, पैशांची काळजी नको." मग दुपारी रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर आला, संध्याकाळी खुद्द डॉक्टरीणबाई आल्या. शेवटी माझा आवाज चढला तेव्हा विषय थांबला. मजा म्हणजे हे कापाकापीचं काम बाळाचा डॉक्टर करतोच असं नाही, बऱ्याचदा बाळंतपण करणारी गायनॅकच ते करते.

घरी आल्यावर वाचत बसलो. ब्रिटनमध्येही एके काळी हेच सर्रास चालायचं. १९४८ साली त्यांची सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली, तिनं नवजात बाळांच्या सरसकट सुंतेला पैसे दिले नाहीत. पुढच्याच वर्षी डग्लस गेर्डनर या बालरोगतज्ज्ञानं लेख लिहून दाखवून दिलं की जन्मतः कातडी मागे न सरकणं हेच नॉर्मल आहे, आणि या शस्त्रक्रियेपायी इंग्लंड-वेल्समध्ये दरवर्षी सोळाएक लहान मुलं दगावतात. एका पिढीत तिकडची प्रथा ओसरली. अमेरिकेत मात्र १९७१ सालीच बालरोग अकादमीनं "नवजात बाळाच्या सुंतेला वैद्यकीय कारण नाही" असं म्हटलं, तरी १९७९ मध्ये हॉस्पिटलात जन्मलेल्या मुलग्यांपैकी ६४.५ टक्क्यांची सुंता होत होती आणि २०१० मध्ये ५८.३ टक्क्यांची. कॅलिफोर्नियानं १९८२ मध्ये मेडिकेडमधून, म्हणजे गरिबांच्या सरकारी विम्यातून, हा खर्च काढून टाकला. बाकीची बरीच राज्यं अजून देतात.

माझं म्हणणं सरळ आहे. आजार नाही, तक्रार नाही, ज्याचं शरीर त्याला बोलता येत नाही. अशा शस्त्रक्रियेचा खर्च सगळ्यांच्या प्रीमियममधून का? ज्यांना करायची त्यांनी खुशाल खिशातून करावी. विमा बंद झाला की निम्म्या सुंता आपोआप बंद होतील.

ह्यूस्टनची_डॉक्टर

अभिनंदन आणि बाळाला आशीर्वाद. आता भांडते.

अकादमीचं १९७१ चं वाक्य दिलंत, २०१२ चं गाळलंत. २०१२ मध्ये त्याच अकादमीनं म्हटलं की फायदे धोक्यांपेक्षा जास्त आहेत. सगळ्यांनी करावी इतके नाहीत, पण ज्या कुटुंबाला हवी त्याला ती मिळावी आणि विम्यानं तिचे पैसे द्यावेत इतके नक्की आहेत. मूत्रमार्गाचा संसर्ग कमी होतो. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडात प्रौढ पुरुषांवर चाचण्या झाल्या, त्यात बाईकडून पुरुषाला एचआयव्ही होण्याचं प्रमाण साधारण ६० टक्क्यांनी घटलं. त्या जोरावर २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एचआयव्ही फार पसरलेल्या देशांसाठी शिफारस केली. हा काही नर्सबाईंचा हट्ट नव्हे.

आणि "खिशातून करा" म्हणजे काय, ते मी रोज बघते. नवजात बाळाला जागच्या जागी भुलीचं इंजेक्शन देऊन काही मिनिटांत होतं. मेडिकेड नाही म्हणतं, आईबाप पैसे जमवतात, तोवर मूल वर्षाचं होतं. मग पूर्ण भूल, ऑपरेशन थिएटर, कित्येक पट बिल. या देशातली सुमारे चाळीस टक्के बाळंतपणं मेडिकेडवर होतात. तुमच्या "खुशाल"मध्ये ती माणसं बसत नाहीत.

एडिसनकर

डॉक्टरताई, पहिल्या वर्षात हा संसर्ग मुलग्यांत शंभरात एखाद्याला होतो. म्हणजे एक संसर्ग टाळायला शंभराच्या आसपास बाळं कापायची. एकूण बालपण धरलं तर मुलींना तो मुलांपेक्षा जास्त होतो, त्यांना आपण अँटिबायोटिक देतो आणि घरी पाठवतो. एचआयव्हीचं म्हणाल तर चाचण्या प्रौढांवर झाल्या, स्वतः हो म्हणालेल्यांवर. माझा मुलगा अठराव्या वर्षी हो म्हणाला तर मी स्वतः गाडी काढीन.

दाभोळचा_दर्यावर्दी

एडिसनकर भाऊ, तुमच्या पोराचं तुम्ही ठरवलंत, उत्तम. पण धाग्याचा सूर असा लागतोय की सुंता म्हणजे फसवणूक. आम्हा कोकणी मुसलमानांत ती शतकानुशतकं चालत आलीय. आजोबांच्या वेळी घरी न्हावी यायचा, माझी तशीच झाली, पोराची चिपळूणला सर्जनकडे केली, इंजेक्शन देऊन. जेवणावळ वेगळी! यात आम्ही कधी विमा कंपनीचं दार ठोठावलं नाही आणि ठोठावणार नाही.

२०१२ मध्ये जर्मनीत कोलोनच्या कोर्टानं एका मुस्लिम मुलाच्या सुंतेवरून तिला शारीरिक इजा ठरवलं. केवढा गोंधळ झाला. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांच्या संसदेला कायदा करून आईबापांना परवानगी द्यावी लागली, आणि त्यात मुसलमान आणि यहुदी एका बाजूला होते. आज "विमा नको" म्हणताय, ते मला मान्य. पण हीच वाट पुढं "करूच नका"वर जाते, तिथं मी उभा आहे एवढं लक्षात ठेवा.

नवगावची_लेक

दर्यावर्दी दादांशी सहमत, आणि मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली मराठी यहुदी. अलिबागच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आलेल्या लोकांजवळ ग्रंथ नव्हते, देऊळ नव्हतं, तेल गाळून पोट भरायचे, शनिवारी घाणा बंद म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. जे मोजकं टिकलं त्यात आठव्या दिवसाची सुंता होती. हे मी माझ्या मराठी घरात ऐकत मोठी झाले. त्याला अनावश्यक शस्त्रक्रिया म्हणताना जरा दम खा. विम्याचा प्रश्न आमच्याकडे उद्भवतच नाही.

एडिसनकर

तुम्हा दोघांचा विधी माझ्या प्रश्नात नाहीच. अमेरिकेतला बाप्टिस्ट ख्रिश्चन बाप "बाबांचं आहे तसंच दिसावं" म्हणून करतो, त्याबद्दल बोलतोय.

दाभोळचा_दर्यावर्दी

तुम्ही बोलताय तसं. वाचणारा तसं वाचत नाही.

क्लेमवाला (निवृत्त)

विषय माझ्या आवडीचा. मी टीपीएत, म्हणजे विमा कंपन्यांचे क्लेम तपासणाऱ्या संस्थेत, बरीच वर्षं क्लेम पास-नापास केले.

पहिली गोष्ट. आपल्याकडच्या जुन्या मेडिक्लेमच्या कागदात, काय काय मिळणार नाही त्या यादीत, सुंता स्पष्ट लिहिलेली असायची. आजार किंवा अपघातामुळं गरज असेल तर मिळेल, एरवी नाही. शेजारी लसीकरण आणि सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रिया. म्हणजे एडिसनकर मागताहेत ते भारतात केव्हापासूनच आहे. मग काय व्हायचं? क्लेम यायचाच, फक्त निदानाच्या रकान्यात 'फायमोसिस', म्हणजे कातडी घट्ट होऊन मागे न सरकण्याचा आजार, लिहिलेलं असायचं. सात वर्षांचा मुलगा, सुट्टीचा मे महिना, फायमोसिस. मी काय करणार? तपासायला जाणार? डॉक्टरची सही आहे, शिक्का आहे. विमा नाही म्हणाला की शस्त्रक्रिया थांबत नाही साहेब, तिचं नाव बदलतं.

दुसरी गोष्ट टॉन्सिलची, आणि ही आमच्या धंद्यात सगळ्यांनी पाठ करावी अशी आहे. १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या एक हजार शाळकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ६११ जणांचे टॉन्सिल आधीच काढलेले. उरलेल्या ३८९ जणांना डॉक्टरांनी तपासलं, १७४ जणांचे काढा म्हणाले. जे २१५ 'ठीक' ठरले त्यांना दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी ९९ जणांचे काढा म्हटलं. उरले ११६. पुन्हा नवे डॉक्टर, पुन्हा ५१ जणांचे काढा. हजारातली ६५ पोरं वाचली, तीही बहुधा अभ्यास तिथंच थांबला म्हणून. यात विमा कंपनी कुठंच नाही. डॉक्टरच्या मनात एक आकडा बसलेला असतो, जवळपास निम्मे, आणि समोर कुणीही बसवा, तो आकडा बाहेर येतो. म्हणून ह्यूस्टनच्या बाईंच्या अभ्यासांइतकंच मला हे महत्त्वाचं वाटतं की त्या नर्सनं 'की' कुठं टाकला: आज *की* उद्या.

बालशल्य_पुणे

क्लेमवाले काका, 'फायमोसिस'ची सही करणाऱ्यांपैकी मी नाही, एवढं आधी सांगून टाकतो.

ओपीडीत रोजचं दृश्य. तीन-चार वर्षांचं पोर, आजी सोबत. आजी सांगते, "शू करताना पुढं फुगा होतो, मग धार लागते." आई मोबाइलवर काढलेला व्हिडिओ दाखवते. पोराला ताप नाही, दुखत नाही, धार व्यवस्थित. कातडी आतून चिकटलेली असते, ती वयाप्रमाणं सुटत जाते. जोर लावून मागं ओढली तर चिरते, व्रण धरते आणि मग खरोखरचा फायमोसिस होतो. आंघोळीला ओढूनताणून 'साफ' करणाऱ्या मावश्यांना माझे हात जोडून नमस्कार. गरज वाटलीच तर स्टिरॉइडचं मलम काही आठवडे, बहुतेकांचं त्यात भागतं. खरी गरज असते ती कातडी पांढरी, कडक होते तेव्हा, किंवा वारंवार संसर्ग होतो, मूत्रमार्गात आधीच दोष असतो तेव्हा. त्या मुलांना विमा मिळालाच पाहिजे, आणि एडिसनकरांचा 'सरसकट बंद' आला की पहिला क्लेम यांचाच अडकतो.

ह्यूस्टनची_डॉक्टर

धन्यवाद. हेच म्हणत होते.

बालशल्य_पुणे

नाही ताई, तुम्ही निरोगी बाळांसाठी म्हणत होतात. त्यात मी तुमच्या बाजूनं नाही.

केजकर

इतका वेळ गप्प वाचत होते. कातडीवर एवढी चर्चा, बरं आहे. आमच्या बीड जिल्ह्यात पिशवी काढतात. अख्खं गर्भाशय.

२०१९ मध्ये बोभाटा झाला तेव्हा सरकारनं नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पंचविशी-तिशीतल्या बाया यात आहेत. कारण विचाराल तर पांढरं पाणी जातं, ओटीपोट दुखतं. फडावर संडास नाही, पाणी नाही, पाळीत कापड बदलायला आडोसा नाही, तिथं दुसरं काय होणार? डॉक्टर सोनोग्राफी करतो आणि म्हणतो, "पिशवीला सूज आहे, पुढं कॅन्सर होईल." कॅन्सर म्हटल्यावर कोण थांबतं? शिवाय मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, एक दिवस चुकला की खाडा, पाचशे-हजार कापले जातात. पाळीच गेली तर बरं, असं बाईलाच वाटायला लागतं. मग वर्षभरात हाडं दुखतात, अंगातून वाफा निघतात, तिशीत म्हातारपण.

एडिसनकर, यात विमा कुठं आहे? बहुतेकींनी उचलीतून, नाहीतर व्याजानं पैसे काढून भरले. तुमचं "खिशातून द्यायला लावा म्हणजे थांबेल" हे इथं सपशेल खोटं आहे. खिसा रिकामा असूनही भरतात.

शंकेखोर

केजकर ताई, बीडचं खरं, पण बिहार आणि छत्तीसगडमध्ये उलटं झालं होतं. तिथं राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेचं, म्हणजे गरिबांच्या सरकारी विम्याचं, कार्ड होतं, कुटुंबाला वर्षाला तीस हजार. खासगी दवाखान्यांनी त्या कार्डावर पिशव्या काढल्या. राजस्थानात दौशातही प्रकार उघड झाले. डॉ. नरेंद्र गुप्तांनी याविरुद्ध याचिका केली, सुप्रीम कोर्टाचा निकाल एप्रिल २०२३ मध्ये आला: राज्यांनी तीन महिन्यांत मार्गदर्शक सूचना लागू कराव्यात. म्हणजे विमा असला तरी कापतात, नसला तरी कापतात. मग एडिसनकरांचा मुद्दा कुठं राहिला?

जाता जाता: पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत खासगी दवाखान्यांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझेरियन, सरकारीत १४.३. यावर वेगळा धागा काढा कुणीतरी, इथं सुरू झालं तर संपायचं नाही.

एडिसनकर

मुद्दा राहतो. माझा राग "इन्शुरन्स देतो" या वाक्यावर आहे, कारण ते वाक्य गरजेच्या प्रश्नाच्या जागी येऊन बसतं. बीडमध्ये तिथं "कॅन्सर होईल" बसतं. मग असं करा, निरोगी अवयव काढायचा असेल तर विमा बंद नको, पण दुसऱ्या, ज्याला त्या ऑपरेशनचा एक पैसाही मिळणार नाही अशा डॉक्टरची सही लागलीच पाहिजे.

क्लेमवाला (निवृत्त)

१९३४ ची पोरं आठवा. दुसऱ्या डॉक्टरनंही निम्मे काढा म्हटलं होतं.

ह्यूस्टनची_डॉक्टर

आणि दोन दिवसांत घरी जाणाऱ्या बाळासाठी दुसरा डॉक्टर कुठून आणायचा? परत तेच: ज्यांना वेळ आणि पैसा आहे त्यांना मिळेल, बाकीच्यांना नाही.

केजकर

सहीचं आमच्याकडे करून बघितलंय. बोभाट्यानंतर बीडमध्ये खासगी दवाखान्याला पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची केली. त्यानं वचक बसला, हे मी बघितलंय, क्लेमवाले काका काहीही म्हणोत. पण कोयता कराडकडं, नाहीतर बेळगावकडं गेला की तिथं बीडचा नियम चालत नाही. आणि दुसऱ्या डॉक्टरकडं जायचं तर एक दिवस मोडतो, म्हणजे खाडा. तो तुमच्या कुठल्याच पॉलिसीत नसेल.

मी बायांना एवढंच सांगते, सोनोग्राफीचा कागद डॉक्टरकडं सोडायचा नाही, मागून घ्यायचा, आणि सही करायच्या आधी तो घेऊन अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात यायचं. मंगळवारी मी तिथं असते.