त्रिनिदादचे तुडतुडे: ओळखायचे कसे, नोंद करायची कशी?

नेरुळची_मुग्धा
माझा दादा त्रिनिदादला पॉइंट लिसासमध्ये नोकरीला आहे, व्हरांड्यातल्या ट्यूबलाइटवर रात्री जे काय येतं त्याचे फोटो तो पाठवतो आणि मी इथे नेरुळला बसून आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींचं अ‍ॅप) चढवते (त्याला किड्यांशी काही देणंघेणं नाही, माझ्यासाठी करतो बिचारा). तीसेक फोटो झालेत, सगळे तांदळाएवढे, पंख छपरासारखे मिटून बसलेले. अ‍ॅप कुणाला प्लँटहॉपर म्हणतं कुणाला लीफहॉपर, मी पहिलं नाव दिसेल ते ठोकलं आणि काल कुणीतरी येऊन ११ नोंदी चुकीच्या ठरवल्या. मराठीत तर दोन्ही तुडतुडेच! फरक बघायचा कुठे? आणि दादा येताना डबीत भरून आणू दे का?

येऊर_भटक्या
डबी अजिबात नको, परवानगीशिवाय किडे देशाबाहेर काढणं आणि इथे आणणं दोन्ही अंगाशी येईल.
आता फरक. फोटो झूम कर आणि मिशी (अँटेना) शोध. प्लँटहॉपरची मिशी डोळ्याच्या खाली असते, बुडाशी फुगीर गोळी आणि तिच्यातून केसासारखं शेपूट. लीफहॉपरची बारीक, दोन डोळ्यांच्या मध्ये, आणि मागच्या पायावर काट्यांच्या रांगा, कंगव्यासारख्या. पंख स्पष्ट दिसत असतील तर पाठीकडच्या भागात दोन शिरा जुळून वाय झालाय का बघ, तोही प्लँटहॉपरच. त्रिनिदादच्या उसावर फ्रॉगहॉपर कुप्रसिद्ध आहे, तो तिसराच, त्यालाही यात ढकलू नकोस.

शहापूरचा_भात
मागच्या पायाच्या नळीच्या टोकाला एक मोठा हलणारा काटा दिसला तर डेल्फॅसिडी घराणं (फॅमिली), प्लँटहॉपरमधलंच. आमच्या भाताची वाट लावणारा तपकिरी तुडतुडा त्यातलाच, त्यामुळे हा काटा मी झोपेतही ओळखतो 😀
पण पुढे प्रजातीपर्यंत जायचं तर बऱ्याचदा नर पकडून त्याचं जननेंद्रिय मायक्रोस्कोपखाली बघावं लागतं. फोटोवरून घराण्यावर थांबलीस तर कमीपणा नाही, चुकीच्या नावापेक्षा बरं. अ‍ॅपचं पहिलं नाव तर मी कधीच घेत नाही. आणि कॅरिबियन म्हणून पोर्तो रिको किंवा जमैकाच्या किड्यांच्या याद्या लावत बसू नकोस, त्रिनिदाद व्हेनेझुएलाला खेटून आहे, तिथले किडे बरेचसे दक्षिण अमेरिकेचे. फेना नावाच्या माणसाने १९४५ मध्ये त्रिनिदादच्या प्लँटहॉपरवरच मोठा निबंध लिहिलाय, तो बघ. नावं आता बदललेली असतात, ती फ्लो (FLOW) नावाच्या प्लँटहॉपरच्या ऑनलाइन डेटाबेसवर ताडून घे.

येऊर_भटक्या
हो, आणि झाड लिही गं! ट्यूबलाइटवरचा किडा कुठल्या झाडावरून आला कळत नाही, दिवसा पानावर सापडला तर ती नोंद दहापट कामाची, कारण यातले बरेच ठराविक झाडांवरच पोसतात. नमुने लागलेच तर तिथेच त्रिनिदादमध्ये सेंट ऑगस्टिनला वेस्ट इंडीज विद्यापीठाचं प्राणीशास्त्राचं म्युझियम आहे, आधी त्यांनाच विचारा.

नेरुळची_मुग्धा
आत्ता सगळे परत बघितले, मिशी दिसते फक्त चार फोटोंत. बाकी सगळे वरून काढलेत!! दादाला सांगितलं बाजूने काढ, तर म्हणतो मोबाइल जवळ नेला की टुण्णकन उडतो.

शहापूरचा_भात
पारदर्शक डबीत घेऊन पाच मिनिटं फ्रिजमध्ये. सुस्त झाला की बाजूने, समोरून, मागचा पाय असे तीन फोटो, मग व्हरांड्यात सोडून द्यायचा. फक्त घरच्यांना आधी सांगून ठेवायला लाव, आमच्याकडे आईने डबी उघडली होती.