कुंभकोणमची ९४ मुलं आणि आगीत गेलेल्यांची स्मारकं : तुमचे अनुभव लिहा

१६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतल्या कुंभकोणममध्ये काशिरामन रस्त्यावरच्या श्रीकृष्ण शाळेला आग लागली आणि प्राथमिक वर्गांतली ९४ मुलं गेली. खाली पोषण आहाराचा स्वयंपाक चालला होता. आग आधी तिथल्या झावळ्यांच्या छपराला लागली आणि मग वरच्या वर्गांवरच्या छपराला. उतरायला अरुंद जिना. पालक्करै भागात या मुलांचं स्मारक आहे. गोविंदपुरमच्या विठ्ठलाला गेले होते तेव्हा तिथेही जाऊन आले, आणि अजून ते मनातून गेलेलं नाही. अशा एखाद्या स्मारकासमोर तुम्ही उभे राहिला आहात का? परत आल्यावर काही वेगळं केलंत का? मोठं, छोटं, जमेल तसं लिहा.

मूळचा तंजावरचा, आता पुण्यात

आमच्या घरात व्यंकोजीराजांच्या काळापासूनची मराठी आहे, निम्मी तमिळ मिसळलेली. आत्या कुंभकोणमला राहायची. तो तमिळ पंचांगातल्या आडी महिन्यातला शुक्रवार होता. आडीचे शुक्रवार देवीचे, त्यामुळे सकाळपासून बायका देवळात. आत्या देवळातून परत येतेय तोच गल्लीत आरडाओरडा, आणि ती पूजेची थाळी ओट्यावर ठेवून तशीच हॉस्पिटलकडे पळाली. तिचं स्वतःचं कुणी त्या शाळेत नव्हतं. शेजारचा मुलगा होता.

त्या दुपारबद्दल ती सलग कधीच बोलली नाही. मध्येच एखादं वाक्य यायचं. कुणी मुलाला करगोट्यावरून ओळखलं, कुणी मुलीला पैंजणावरून. मग उठून आत जायची.

दरवर्षी १६ जुलैला पालक शाळेसमोर मुलांचे फोटो मांडतात. हार, फुलं, आणि ज्याला जे आवडायचं ते खायला. फोटोतली मुलं सहा-सात वर्षांचीच आहेत आणि समोर बसलेल्या आईचे केस पिकलेत. संध्याकाळी दिवे घेऊन सगळे महामहम तळ्याकडे चालत जातात. आत्या होती तोवर आम्हीही तिच्याबरोबर जायचो. मला विचाराल तर बांधलेल्या स्मारकापेक्षा हे चालणं मोठं आहे. स्मारक एकदा बांधून होतं, आणि हे लोक दरवर्षी पुन्हा घराबाहेर पडतात. खटल्याचा निकाल लागायला २०१४चा जुलै उजाडला. दहाजण दोषी ठरले. आत्या एवढंच म्हणाली, "तोवर पोरं कॉलेजात गेली असती."

प्राथमिक शिक्षिका, सांगली जिल्हा

मी स्मारक पाहिलेलं नाही, पण कुंभकोणम आमच्या शाळेत रोज असायला हवं असं मला वाटतं. या आगीनंतर झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००९मध्ये निकाल दिला. सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे, शाळेत आग विझवायची साधनं हवीत आणि शिक्षकांना ती वापरता यायला हवीत, असं त्यात स्पष्ट आहे.

साधनं आली. लाल सिलिंडर भिंतीवर लागले. पण मी पूर्वी ज्या शाळेत होते तिथे मागच्या जिन्याच्या लोखंडी दाराला कुलूप असायचं, का तर मधल्या सुट्टीत मुलं बाहेर पळतात. किल्ली कार्यालयातल्या कपाटात, कपाटाची किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई टपालाला गेलेला. भांडून ते दार उघडं ठेवायला लावलं आणि तिथे सुट्टीत एक शिक्षक उभा राहू लागला. खर्च शून्य.

आणखी एक. घंटा झाल्यावर बाहेर पडायचा सराव घेतला तर पहिलीची मुलं दप्तर घ्यायला मागे फिरतात! दप्तर हरवलं तर घरी रागावतील, ही भीती आगीपेक्षा मोठी असते. सराव घेतल्याशिवाय हे कळत नाही. आम्ही मुलांना घोकून घेतो : दप्तर राहू दे, चप्पल राहू दे, पुढच्याचा हात धर.

बँकेतून निवृत्त, नाशिक

बदलीमुळे काही काळ हरियाणात सिरसा जिल्ह्यात होतो. डबवाली तिथलंच गाव. २३ डिसेंबर १९९५ला एका शाळेचं स्नेहसंमेलन मंगल कार्यालयाच्या मंडपात भरलं होतं, आणि कापडी मंडप पेटला. ४४२ माणसं गेली, त्यांत निम्म्याहून अधिक मुलं. स्मारक त्याच जागेवर आहे. भिंतींवर फोटो, आणि सोबत वाचनालय. एका घरातले चार-चार फोटो शेजारी लावलेले पाहिले. पण त्याच आवारात कॉलेजची मुलं वर्तमानपत्र वाचत, परीक्षेचा अभ्यास करत बसलेली असायची. हे फार योग्य केलं असं मला तेव्हाही वाटलं.

काउंटरवर एक बाई पेन्शनच्या कामाला यायच्या. बोटं भाजलेली, त्यामुळे सही नीट जमत नसे आणि अंगठाही उमटत नसे. त्या गावात कुणी हाताकडे बघत नाही, ही तिथली रीत मी त्यांच्याकडून शिकलो.

परिचारिका, विदर्भ

९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली, १० बाळं गेली. मी दुसऱ्या गावात असल्याच कक्षात काम करते. आमच्याकडे बाळाच्या पायाला पट्टी असते, तिच्यावर आईचं नाव. बारसं व्हायचं असतं ना अजून. अशा बाळांचं स्मारक केलं तर त्यावर आयांचीच नावं कोरावीत. त्या रात्रीपासून ड्यूटी घेताना मी आधी प्लग आणि वायरी बघते, मग फाईल.

धागाकर्ती

सगळ्यांनी मनापासून लिहिलंत. कुणाला जायचं असेल तर तंजावरहून कुंभकोणम साधारण ४० किलोमीटर, बस आणि रेल्वे दोन्ही आहेत. १६ जुलैला गेलात तर कृपया मोबाइल खिशात ठेवा, पालक तिथेच बसलेले असतात.

सांगलीच्या ताई, तुमचा सराव कसा घेता ते जरा सविस्तर लिहाल का? कुणी कुठे उभं राहायचं, आधी कुठला वर्ग सोडायचा, सगळं. आमच्या सोसायटीतली बालवाडी पहिल्या मजल्यावर आहे आणि जिना एकच आहे. रविवारी सभा आहे, तिथे मांडायचं आहे.