मध्ययुगीन आणि लोकपरंपरेतील सुरांवर उभे राहिलेले तरल संगीत: निर्मिती की उचलेगिरी?

मंद्रस्वर (धागालेखिका):

लिसा जेरार्ड आणि ब्रेंडन पेरी यांनी १९८१ साली मेलबर्नमध्ये सुरू केलेला ‘डेड कॅन डान्स’ हा संच मी गेली अनेक वर्षे ऐकत आले आहे. त्यांच्या आणि त्यांच्यासारख्यांच्या संगीतावर एक आक्षेप हमखास घेतला जातो: हे लोक जुन्या परंपरांमधून सूर उचलतात, त्यांचा अर्थ आणि संदर्भ टाकून देतात आणि केवळ वातावरणनिर्मिती करतात. मला हा आक्षेप पटत नाही, कारण ज्या ‘मूळ’ रूपाचा दाखला दिला जातो ते कोणाच्याच हाती पूर्णपणे आलेले नाही.

‘एऑन’ या १९९० च्या ध्वनिमुद्रिकेतील ‘साल्तारेल्लो’ पाहा. ब्रिटिश लायब्ररीतील एका इटालियन हस्तलिखितात या नृत्याची एकेरी सुरावट तेवढी सापडते. ती कोणत्या वाद्यांवर, किती जलद वाजवायची, सोबत तालवाद्य असावे की नाही, यांपैकी काहीही तिथे लिहिलेले नाही. हिल्डेगार्ड फॉन बिंगेन (१०९८–११७९) या जर्मन संन्यासिनीच्या रचनांमध्येही स्वर कळतात, परंतु कोणता स्वर किती लांबवायचा हे स्वरलेखनातून कळत नाही. ‘गॉथिक व्हॉइसेस’ या संचाने १९८० च्या दशकाच्या आरंभी तिच्या रचना ध्वनिमुद्रित केल्या, तेव्हा काही रचनांखाली जो अखंड आधारस्वर धरला, तोही हस्तलिखितात नाही. अभ्यासकांच्या अंदाजाला पुनर्रचना म्हणायचे आणि जेरार्ड यांच्या अंदाजाला उचलेगिरी, हा कोणता न्याय?

राहिला शब्दांचा प्रश्न. ‘द होस्ट ऑफ सेराफिम’ (१९८८) मध्ये संथ, ऑर्गनसारख्या स्वरावर जेरार्ड यांचा आवाज चढत जातो आणि त्यात ओळखीचा एकही शब्द नाही. ती उच्चारांची भाषा त्यांची स्वतःची आहे. तिथे कोणाचाही अर्थ पुसलेला नाही, कारण तो कोणाकडून घेतलेलाच नाही.

शोधयात्री:

आपला युक्तिवाद हस्तलिखितांपुरता मला मान्य आहे. परंतु आपण उदाहरणे अशी निवडली आहेत, की तक्रार करायला मागे कोणी उरलेलेच नाही. जिथे गाणारी व्यक्ती हयात होती तिथे काय घडले, तेही पाहावे.

सॉलोमन बेटांपैकी मलाइता बेटावर अफुनाक्वा नावाच्या स्त्रीने गायलेली ‘रोरोग्वेला’ ही अंगाई ह्युगो झेम्प या संगीत-मानववंशशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास ध्वनिमुद्रित केली. आईवडील गेल्यानंतर रडणाऱ्या धाकट्या भावंडाला मोठे भावंड समजावते आहे, असा त्या अंगाईचा आशय आहे. १९९२ मध्ये ‘डीप फॉरेस्ट’ या फ्रेंच जोडीने तोच आवाज सिंथेसायझर आणि नृत्याच्या ठेक्यावर बसवला; गाणे जगभर गाजले आणि अफुनाक्वाचे नाव मात्र मागेच राहिले. त्या ध्वनिमुद्रिकेची सारी मांडणी मध्य आफ्रिकेतील ‘पिग्मी’ म्हटल्या जाणाऱ्या वनवासींभोवती असल्यामुळे पुढे यान गार्बारेक यांच्यासारख्या जाणत्या सॅक्सोफोनवादकाने १९९६ मध्ये तीच चाल ‘पिग्मी ललबाय’ (पिग्मी अंगाई) या नावाने वाजवली. एका अनाथ मुलाच्या अंगाईचा पॅसिफिकमधला पत्ता बदलून थेट आफ्रिकेतला झाला. याला अंदाज म्हणता येणार नाही. ज्यांना विचारता आले असते त्यांना विचारले नाही, एवढाच याचा अर्थ.

‘एनिग्मा’ या संगीतप्रकल्पाच्या ‘रिटर्न टू इनोसन्स’ या गाण्यामध्ये तैवानच्या आमिस जमातीतील दिफांग या वृद्ध गायकाचा आवाज असाच वापरला गेला. तो आपला आहे हे सिद्ध करण्यासाठी त्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. १९९९ मध्ये तडजोड झाली.

अनुनाद:

‘शुद्ध परंपरा’ ही कल्पनाही जरा तपासून घ्यावी. बल्गेरियन स्त्रियांच्या ज्या समूहगायनाला जगाने प्राचीन मानले, त्यातील भरगच्च बहुस्वरी मांडणी फिलिप कुतेव आणि त्यांच्यासारख्या संगीतकारांनी विसाव्या शतकात सरकारी गायनसंचांसाठी केलेली आहे. गावातले गाणे यापेक्षा बरेच साधे असे. म्हणून ते सुंदर नाही असे कोण म्हणेल?

मंद्रस्वर यांच्या मांडणीत मात्र एक गोष्ट निसटली आहे. त्याच ‘एऑन’मध्ये जेरार्ड ‘साँग ऑफ द सिबिल’, म्हणजे भविष्य सांगणाऱ्या स्त्रीचे गाणे, गातात. हे गाणे मध्ययुगीन असले तरी मृत नाही. स्पेनच्या मायोर्का बेटावरील चर्चमध्ये ते आजही दर नाताळच्या पूर्वरात्री गायले जाते. गाणारे मूल हातात तलवार उभी धरते आणि शेवटी त्या तलवारीने हवेत क्रूस रेखते. युनेस्कोने २०१० साली या परंपरेची नोंद घेतली आहे.

मंद्रस्वर:

शोधयात्री, अफुनाक्वाविषयीचा तपशील वाचून मला माझे पहिले विधान तोकडे वाटते आहे. ‘मूळ कोणाच्याच हाती नाही’ हे मी सरसकट म्हणायला नको होते. मलाइतामध्ये ते होते, आणि त्याला नावही होते.

तरीही अनुनाद यांच्या उदाहरणामुळे माझा मुद्दा मला अधिक नेमका मांडता येतो. जेरार्ड यांनी सिबिलचे गाणे त्याच्या कातालान भाषेतील शब्दांसह, त्याच्याच नावाने गायले आहे. स्वतःच्या गळ्याने, शिकून. दुसऱ्याचा ध्वनिमुद्रित कंठ कापून ठेक्यावर चिकटवणे आणि एखादी चाल स्वतःच्या आवाजात उतरवणे, या दोन क्रियांना एकाच शब्दाने हिणवू नये, एवढे माझे म्हणणे आहे.

शोधयात्री:

हा फरक मला मान्य आहे, पण तो पुरेसा नाही. गार्बारेक यांनीही ती अंगाई स्वतःच्याच सॅक्सोफोनवर, स्वतःच्याच श्वासाने वाजवली होती.