स्टेडियमं झाली, जाळ्यांचं काय?

कुणीतरी म्हटलंय की गोव्यात सरकार खेळांवर खर्चच करत नाही. मला नाही पटत. 2014 ची लुसोफोनिया (पोर्तुगीज भाषेशी नातं असलेल्या देशांची क्रीडा स्पर्धा), मग पुढं ढकलत ढकलत 2023 ला झालेली 37वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा; या निमित्तानं स्टेडियमं उभी राहिलीच की. अडतं ते गावातल्या फुटबॉल क्लबांचं. भात कापलं की शेतातच गोलपोस्ट रोवायचे. जाळी, बूट, रेफ्रीचं मानधन, सामन्याला जायला टेम्पो, सगळं वर्गणीतून. अनुदान मिळालंच तर बिलं जोडल्यावर, म्हणजे आधी पदरचे घाला! (आमच्या खजिनदाराच्या पिशवीत जर्सी कमी, पावत्या जास्त.) त्यापेक्षा खेळणाऱ्या मुलांच्या संख्येप्रमाणे थोडी रक्कम हंगामाआधीच क्लबच्या खात्यात टाका. हिशेब नंतर मागा, हवा तेवढा कडक.